सतराव्या होलवरची शेवटची ओळ

आमच्या गोल्फ क्लबात मला दोन गोष्टींमुळे ओळखतात. एक, मी गेली चाळीस वर्षं फार वाईट गोल्फ खेळतो. दुसरी, सतराव्या होलजवळच्या लाकडी पाटीवर जो मजकूर कोरलेला आहे तो माझा आहे. पहिल्या गोष्टीबद्दल माझ्या मनात कधी शंका नव्हती. दुसरीबद्दल होती, पण ती मी बाहेर येऊ दिली नव्हती.

मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो. सदतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली, म्हणून क्लबात सगळे मला प्रूफकाका म्हणतात. निवृत्त झाल्यावर क्लबाने कपडे बदलायच्या खोलीमागचं पुस्तकांचं कपाट माझ्या ताब्यात दिलं. "तेवढाच मैदानाला आराम," असं तेव्हा माझी बायको म्हणाली होती.

कपाटात गोल्फवरची दीडशेएक जुनी पुस्तकं आहेत. बरीचशी माझ्याखेरीज कुणी उघडलेली नाहीत. जुन्या काळी या खेळावर लिहिणाऱ्यांना घाई नसायची. सामना सुरू होण्याआधी दोन पानं वारा कुठून येतोय यावर, अर्धं पान कुणाचे बूट ओले झाले यावर, आणि निकाल मात्र जाता जाता एका वाक्यात. त्यांचा जीव खरा अडकलेला असे तो खेळाच्या रीतीत. गोल्फमध्ये पंच खेळाडूच्या मागे मागे फिरत नाही. लांब गवतात, कुणी बघत नसताना, चेंडू केसभर हलला तर ते खेळाडूनेच सांगायचं आणि एक जास्तीचा फटका स्वतःच्या नावावर मांडून घ्यायचा. असले प्रसंग ती माणसं अशा बेताने लिहीत की वाचताना आपण हळू आवाजात बोलू लागतो. मला तसं एकदा तरी लिहायचं होतं.

संधी एकतीस वर्षांपूर्वी आली. क्लबाच्या चषकाचा अंतिम सामना होता. एका बाजूला डॉक्टर, अर्ध्या गावाचे ताप उतरवलेले. दुसऱ्या बाजूला टेलरमास्तर. मास्तरांचं शिलाईचं दुकान होतं. क्लबाचे झेंडे शिवता शिवता ते हा खेळ शिकले होते. प्रत्येक होल ज्याने कमी फटक्यांत संपवला तो त्याचा, अशी मोजणी. सोळा होलांनंतर बरोबरी. मी सतराव्या होलचा झेंडा धरून ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कातरलेल्या गवतावर, उभा होतो. मास्तरांचा चेंडू माझ्यापाशी येऊन पडला होता. डॉक्टरांचा शंभरेक पावलं अलीकडे, लांब गवतात. मास्तर चेंडू शोधायला मदत म्हणून मागे गेले. थोड्या वेळाने डॉक्टरांनी हात वर केला आणि एक बोट दाखवलं. त्यांचं म्हणणं, फटका मारायची काठी टेकवल्यावर चेंडू हलला, म्हणून एक जास्तीचा. त्या एका फटक्याने सतरावा होल त्यांच्या हातून गेला. शेवटच्या, अठराव्या होलवर मास्तरांना बरोबरी पुरे होती आणि त्यांचा चेंडू भोकापासून जेमतेम दोन हातांवर होता. मास्तर त्यावर बराच वेळ उभे राहिले. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "दिला." ग्रीनवरच्या हलक्या फटक्याला आम्ही पट म्हणतो, आणि असा जवळचा पट समोरच्याला न मारताच बहाल करता येतो. डॉक्टरांनी चेंडू उचलून मास्तरांच्या हातात ठेवला. मास्तर जिंकले.

मी हे सगळं क्लबाच्या वार्षिकात लिहिलं. शेवट असा होता: "डॉक्टर म्हणाले, चेंडू हलला. कुणीही पाहिलं नव्हतं. समोरचा एक शब्दही बोलला नाही. चषक घेतला आणि घरी गेला."

लोकांना तो शेवट पाठ झाला. डॉक्टरांनी लेख वाचला नाही. स्वतःबद्दलचं ते काहीच वाचत नसत. मास्तरांनी वाचला असावा, कारण दोनेक वर्षांत त्यांनी खेळणं सोडलं. गुडघे दुखतात, असं कारण कळलं. मी ते खरं मानलं, कारण तसं मानणं सोयीचं होतं. बारा वर्षांपूर्वी डॉक्टर गेले, तेव्हा क्लबाने त्यांच्या आठवणीसाठी सतराव्यापाशी पाटी लावली आणि तिच्यावर माझ्या त्याच ओळी कोरल्या. तेव्हापासून रीत पडली की नव्या सभासदाला पहिल्या रविवारी तिथे न्यायचं, टोपी काढायला लावायची आणि पाटी मोठ्याने वाचून घ्यायची. आणखीही एक गोष्ट झाली. कुणी गुपचूप फायदा उपटला की मुलं त्याला म्हणू लागली, "मास्तर झालास का रे?" मला ते ऐकू यायचं. मी पुस्तकात डोकं घालायचो.

यंदा क्लबाला शंभर वर्षं झाली. शंभर वर्षांचं पुस्तक काढायचं ठरलं, त्यात पहिला लेख माझा तोच, आणि प्रूफं अर्थातच माझ्याकडे. दोन पानं तपासली आणि अक्षरं एकमेकांत मिसळायला लागली. म्हणून मी बाजारातल्या चष्म्यांच्या नव्या दुकानात गेलो.

दुकानाच्या मागे डोळे तपासायची अरुंद खोली होती. चाळिशी ओलांडलेल्या एका बाईंनी मला उंच खुर्चीवर बसवलं, नाकावर लोखंडी चौकट चढवली आणि समोरच्या उजळलेल्या तक्त्याकडे बोट केलं.

"वाचा काका."

मी चौथ्या ओळीपर्यंत गेलो आणि अडलो. त्यांनी चौकटीत एक काच सरकवली.

"एवढं बारीक काय वाचता हो?"

"प्रूफं. गोल्फ क्लबाचं पुस्तक निघतंय."

त्यांचा हात तसाच राहिला. "म्हणजे प्रूफकाका तुम्हीच?"

"हो," मी म्हणालो. मला वाटलं, आता त्या पाटीवरच्या ओळी म्हणून दाखवणार. लोक दाखवतात.

"मी टेलरमास्तरांची मुलगी."

नाकावर ती जड चौकट असताना माणसाला उठून पळताही येत नाही.

"हे बरं दिसतंय की आधीचं?" त्यांनी विचारलं.

"हे."

"मागच्या आठवड्यात तुमच्या क्लबातले दोघं आले होते. एकाने दुसऱ्याच्या पसंतीची फ्रेम गपकन उचलून आपल्या नाकावर चढवली. तर दुसरा म्हणतो, 'मास्तर झालास की लेका!' मी विचारलं, म्हणजे काय? त्यांनी हसत हसत सगळं सांगितलं. माझ्याच दुकानात. वरच्या मजल्यावर बाबा चहा पीत बसले होते." त्यांनी दुसरी काच घातली. "आता?"

"आता स्पष्ट आहे."

"एक विचारू का? तुम्ही त्या दिवशी तिथे होतात?"

"होतो. झेंडा धरून."

"किती लांब?"

"शंभरेक पावलं."

"आणि तेव्हा चष्मा होता?"

"छे, तेव्हा माझी नजर उत्तम होती," मी म्हणालो. एवढं मात्र मी पटकन म्हणालो.

"मग बाबा बोलत होते की नव्हते, ते तुम्हाला दिसलं असेल," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. काचेचा नंबर विचारावा तसं विचारलं.

मी उलट विचारलं, "मास्तर स्वतः काय म्हणतात?"

"काही म्हणत नाहीत. म्हटलं असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?" त्यांनी चौकट काढून घेतली. "शुक्रवारी चष्मा तयार मिळेल."

घरी आलो तर बायको दारातच म्हणाली, "अहो, नंबर वाढला म्हणून एवढं तोंड उतरतं का कुणाचं?"

मी माळ्यावरची पेटी काढली. जुन्या वह्या मी टाकत नाही. सामन्याच्या दिवशीची वही सापडली. पेन्सिलीचं अक्षर पुसट झालं होतं, पण लागत होतं. "सतरा. डॉ. लांब गवतात. मास्तर जवळ गेले. दोघांचं बरंच बोलणं. मास्तर मान हलवतात, हात हलवतात. डॉ. एक बोट वर."

त्याच्या खाली लेखाचा कच्चा खर्डा होता. शेवटची ओळ पहिल्यांदा अशी लिहिली होती: "मास्तर डॉक्टरांशी काहीतरी बोलले. ते मला ऐकू आलं नाही." त्यावर काट. वर नव्या पेन्सिलीने: "समोरचा एक शब्दही बोलला नाही. चषक घेतला आणि घरी गेला."

मला ती काट मारल्याचं आठवत होतं. जुन्या पुस्तकांत हरणारा मोठा असतो आणि जिंकणारा गप्प असतो. ऐकू आलं नाही, असं लिहिलं की लेख लंगडा पडत होता. बोलला नाही, असं लिहिलं की उभा राहत होता. दुसऱ्याच्या मजकुरात एक काना कमी असला तरी मी समासात खूण करायचो, आणि इथे अख्खा माणूस गाळला होता.

बायकोने वही माझ्या हातातून घेऊन वाचली. ती एवढंच म्हणाली, "मग खोडा आणि मोकळे व्हा."

"अगं, तेवढं सोपं नाही. मी लिहिलेली एवढी एकच ओळ लोकांच्या लक्षात आहे."

"लग्नानंतर वर्षभर तुम्ही मला हेच सांगत होतात. आमच्या खेळात चूक ज्याची त्यानेच सांगायची, कुणी बघो न बघो. मला वाटलं होतं, काय माणसं असतील! ते काय फक्त गवतात उभं असतानाच लागू आहे?"

मी वही घेऊन गच्चीवर जाऊन बसलो.

शुक्रवारी चष्मा घ्यायला गेलो तेव्हा वही पिशवीत होती. बाईंनी चष्मा कानामागे नीट बसवून दिला. मी म्हणालो, "मास्तरांना भेटता येईल?" त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि जिन्याकडे हात केला.

मास्तर खिडकीशी शिलाईच्या यंत्रामागे बसले होते. यंत्रावर कपडा नव्हता, पण गळ्यात टेप होती. वय त्र्याऐंशी. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे पाहिलं.

"पँट तयार घेतलीत," ते म्हणाले. "उजवा पाय अर्धं बोट आखूड आहे. बसा."

मी बसलो आणि वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी सावकाश वाचली. खोडलेली ओळ दोनदा वाचली.

"म्हणजे दिसलं होतं तुम्हाला."

"हो."

"मला वाटत होतं, तुम्ही तेव्हा भलतीकडे बघत असाल. तुम्ही नेहमी भलतीकडे बघत असायचात."

"मास्तर, तिथे काय बोललात?"

त्यांनी टेप काढून गुंडाळायला घेतली. "मी म्हटलं, डॉक्टर, बॉल नाही हलला. मी बघत होतो. माझी नजर सुईत दोरा ओवणारी. ते म्हणाले, मास्तर, हलला. मी म्हटलं, नाही हलला. शेवटी ते म्हणाले, समजा मी तुमचं ऐकलं. पण फटका सोडून द्यायचं आपण दोघांनी मिळून ठरवलं तर नियमाने दोघंही बाद. वाचलाय ना नियम? मी म्हटलं, वाचलाय. मग काय बोलणार?"

"आणि अठराव्यावर?"

"तिथे मी ठरवलं होतं, हा पट चुकवायचा. बरोबरी होईल, आणखी एक होल खेळू, मग कोण जिंकायचं ते जिंको. बॉलवर उभा राहिलो. चुकवायचा म्हटला तरी दोन हातांवरून चुकवायचा कसा, कळेना. उजवीकडून की डावीकडून? काठी मागे नेणार, एवढ्यात डॉक्टर म्हणतात, 'दिला.' दिलेला पट नको म्हणता येत नाही, हाही नियमच. त्यांनी ओळखलं होतं. मला चुकूच दिलं नाही हो त्या माणसाने." ते मोठ्याने हसले, मग खोकले. "चषक तीन दिवस कपाटात उलटा ठेवला होता मी."

"मग कधी सांगितलं का नाही?"

"काय सांगू? मुद्दाम चुकवणार होतो? तेही काही खरं खेळणं नव्हे. आणि पाटी लागली तेव्हा डॉक्टर गेलेले. मेलेल्या माणसाचा मोठेपणा खरवडायला निघालाय, असंच म्हणाले असते. साक्षीला कोण? तुम्ही. आणि लिहिलं कुणी? तुम्हीच."

मी म्हणालो की ओळ काढून टाकीन.

"माझ्यावर उपकार म्हणून काढू नका," मास्तर म्हणाले. "खोटी असेल तर काढा. आणि सांगायचं झालं तर मी चुकवणार होतो तेही सांगा. अर्धं माप घेऊन कापड कापू नये."

तिथून मी थेट क्लबाच्या सेक्रेटरींकडे गेलो. ते वकील आहेत, माणूस वाईट नाही, पण त्यांच्या टेबलावर शंभराव्या वर्षाच्या कागदांचा ढीग होता.

"काका, पुस्तक सोमवारी छपाईला जातंय," ते म्हणाले. "पाटीचा फोटो पहिल्या पानावर आहे. परवा रविवारी तीन नवे सभासद येणार. शंभरावं वर्ष म्हणून पाटी तुम्हीच वाचायची, असं समितीने ठरवलंय. आता हे काय मध्येच?"

मी वही दाखवली. त्यांनी ती चष्म्याजवळ नेऊन पाहिली.

"ही वही तुमच्याखेरीज कुणी पाहिली आहे?"

"बायकोने. मास्तरांनी."

"क्लबातल्या कुणी?"

"नाही."

"मग झालं तर!" ते म्हणाले, आणि स्वतःच जरा थांबले. हे वाक्य कुठे बोलतोय ते त्यांच्याही ध्यानात आलं असावं, कारण त्यांच्या मागच्याच भिंतीवर डॉक्टरांचा फोटो होता. तरी म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू. समितीपुढे ठेवू. आयत्या वेळी घोळ नको."

"बरं," मी म्हणालो. मी आयुष्यभर 'बरं' म्हणत आलो आहे. त्याचा अर्थ होकार असतो असं लोक धरून चालतात, आणि मीही त्यांना तसं धरू देतो.

शनिवारी मी उद्याचं बोलणं लिहून काढायला बसलो. बोलण्यात मी कच्चा आहे. लिहिताना खोडता येतं, बोलताना येत नाही. मी कागदावर चार वाक्यं लिहिली, ती खोडली, पुन्हा लिहिली. शेवटी बायकोने कागद काढून घेतला. "वहीच वाचून दाखवा की. त्यात तुमचंच अक्षर आहे ना?"

रविवारी सकाळी सतराव्यापाशी तीसेक माणसं जमली होती. गवत ओलं होतं. तीन नवे सभासद पुढे उभे होते. एक शाळेतले शिक्षक, एक पूल बांधणारा इंजिनियर आणि एक नर्सबाई. तिघांनी टोप्या काढून छातीशी धरल्या. सेक्रेटरींनी मला पाटीपुढे उभं केलं आणि माझ्याविषयी दोन शब्द बोलले.

नव्या चष्म्यातून पाटीवरची अक्षरं फार स्पष्ट दिसत होती. मी वाचायला लागलो. "डॉक्टर म्हणाले, चेंडू हलला. कुणीही पाहिलं नव्हतं." पुढे थांबलो. इतका वेळ थांबलो की मागून कुणीतरी हळूच पुढचे शब्द सांगितले. त्याला वाटलं, मी विसरलो.

"पुढची ओळ खरी नाही," मी म्हणालो.

आवाज इतका बारीक निघाला की मागचे म्हणाले, "काय? काय म्हणाले?" म्हणून मला तेच परत मोठ्याने म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं.

"इथून पुढची ओळ मी रचलेली आहे. समोरचा बोलत होता. मी तिथे, त्या ग्रीनवर, झेंडा धरून उभा होतो. मला ते दोघं बोलताना दिसले. ऐकू आलं नाही. मी लिहिलं, बोलला नाही. कारण ते वाचायला बरं वाटत होतं."

मग मी वही उघडून पेन्सिलीच्या नोंदी वाचल्या. खोडलेली ओळही वाचली. मग मास्तरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, गवतातलं आणि अठराव्यावरचं, चुकवायच्या पटासकट. मधे दोनदा चुकलो आणि मागे जाऊन दुरुस्त केलं.

एक जुने सभासद, माझ्याच वयाचे, पुटपुटले, "शंभराव्या वर्षी हेच सुचलं याला." दुसरे कुणीतरी म्हणालं, "अरे, पण डॉक्टर त्याने आणखी मोठेच होतात की." तिसऱ्याने विचारलं, "मोठे कोण आणि लहान कोण हे ठरवायला जमलोय का आपण?" तिथे थोडा वाद पेटला. मला पाय काढता घ्यावासा वाटत होता, पण माझ्या मागे पाटी होती आणि पुढे माणसं.

तेवढ्यात नर्सबाईंनी हात वर केला. "एक विचारायचं होतं. आम्ही टोप्या केव्हाच्या काढल्यात. ती शेवटची ओळ वाचायची आहे की नाही?"

काही जण हसले. सगळ्यांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरींनी माझ्याकडे रागाने पाहिलं, मग पाटीकडे, मग गवताकडे. "नाही," ते म्हणाले. "वाचू नका."

तिघांनी दोन ओळी वाचल्या आणि टोप्या घातल्या.

पुस्तकाचं पहिलं पान बदलावं लागलं. माझा लेख शेवटच्या ओळीशिवाय छापला आणि त्याखाली मी दोन वाक्यांची टीप दिली: शेवट आधी वेगळा होता, तो खोटा होता. दोघे बोलत होते. आता लेख मधेच तुटल्यासारखा वाटतो. वाचणारे पान उलटून बघतात, पुढे काही आहे का. मला अजून त्यापेक्षा बरा शेवट सुचलेला नाही. 'मास्तर झालास का' हे बोलणं एका दिवसात थांबलं असंही नाही. लागलेली सवय तशी जात नाही. पण परवा कपडे बदलायच्या खोलीत कुणी ते बोललं तेव्हा दुसऱ्याने त्याला अडवलं आणि अठराव्यावरची हकीगत सांगायला घेतली. थोडी चुकीची सांगत होता. मी कपाटामागून बाहेर येऊन दुरुस्त केली.

पाटीवरची ओळ सुताराने लांबी भरून बुजवली आणि वरून पॉलिश मारलं. त्यानंतरच्या आठवड्यात मास्तरांची मुलगी त्यांना गाडीतून घेऊन आली. मास्तर काठी टेकत सतराव्यापर्यंत आले, पाटीच्या अगदी जवळ गेले आणि बुजवलेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

"रफू दिसतंय," ते म्हणाले.

"सुतार आणखी एकदा पॉलिश करून देणार आहे."

"काही नको. दिसू दे." त्यांनी माझ्या पायांकडे नजर टाकली. "हा पायही तसाच आहे. पँट घेऊन या एकदा दुकानावर. अठरावा कुठून जायचा?"

"बाबा, गुडघे," मुलगी म्हणाली.

"गुडघे माझे आहेत."

अठराव्याच्या ग्रीनवर त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, भोक जरा सरकवलंय अशी तक्रार केली आणि काठीने एक जागा दाखवली. भोकापासून दोन हात. मग माझ्यापुढे हात पसरला. मी खिशातला चेंडू काढून तिथे ठेवला आणि माझी पट मारायची काठी त्यांना दिली. मुलीने त्यांची टेकायची काठी सांभाळली. मी झेंडा काढून धरला. एकतीस वर्षांपूर्वीसारखाच, फक्त आता दोन पावलांवर.

मास्तर चेंडूवर उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले.

"देऊ का?" मी विचारलं.

"खबरदार!"

त्यांनी काठी मागे नेली आणि पट मारला. चेंडू भोकाच्या कडेला टेकला, कडेवरून फिरला आणि चार बोटं पुढे जाऊन थांबला. मुलगी चुकचुकली. मास्तर मात्र त्या चेंडूकडे मान तिरकी करून बघत होते, उसवून नीट केलेल्या शिवणीकडे बघावं तसे.

"मास्तर," मी म्हणालो, "चुकवलात की चुकला?"

"ते मी सांगायचं असतं," ते म्हणाले. "तुम्ही चेंडू द्या इकडे."